केराबाईचं कारण

“तुमच्या शिंप्यानं ही पिशवी लई भुसभुशीत केलीया,” केराबाई म्हणाली. माझ्या हातातला बटवा काढून घेऊन तिने तो दोन बोटांत दाबून पाहिला आणि नापसंतीने टेबलावर ठेवला.

तो बटवा आमच्या दवाखान्याची शान होती. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, शिरगुप्पे सरांनी, तो गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. लाल फ्लॅनेलचा, आत कापूस भरलेला आणि जुन्या स्वेटरच्या बाहीत नाडीने टांगलेला. नाडी सैल सोडली की बटवा बाहीतून खाली घसरायचा. अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाची पिशवी कशी खाली उतरते, हे बायकांना समजावून सांगायला एवढं पुरायचं. त्रेसष्ट बायकांनी तो बटवा पाहिला होता आणि एकीनेही त्यात खोट काढली नव्हती.

ते १९९९ साल. जतच्या अलीकडे, दुष्काळी मुलखातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी वर्षभरासाठी आले होते. वय सत्तावीस, पुण्याची डॉक्टरकीची डिग्री ताजी, आणि आपल्याला सगळं येतं ही समजूत त्याहून ताजी. शिरगुप्पे सरांचा तेव्हा एक अभ्यास चालू होता. अंग बाहेर येणाऱ्या बाईपुढे तीन वाटा असतात. रबरी रिंग बसवायची, पिशवी जागेवर ठेवून टाक्यांनी वर बांधायची, नाहीतर पिशवी काढूनच टाकायची. कुठली वाट धरायची ते एरवी डॉक्टर ठरवतात. सरांचं म्हणणं, आधी तिला विचारा. काय हवं ते विचारा आणि का हवं तेही विचारा.

त्यासाठी फॉर्म होता. ‘का’ या प्रश्नापुढे पाच चौकोन. त्रासातून कायमची सुटका, कॅन्सरची भीती, घरच्यांचं म्हणणं, डॉक्टरांचा सल्ला, आणि शेवटी ‘इतर’. बहुतेक बायका म्हणायच्या, “तुमच्या मनाला यील ते करा.” मग मी पुन्हा विचारायची, पुन्हा बटवा वरखाली करायची. ‘इतर’पुढे आजवर एकही खूण पडली नव्हती.

“पिशवी कशी असते ते तुम्हाला काय माहीत, मावशी?” मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

“मला न्हाई म्हाईत. हाताला म्हाईत हाय.”

तिच्याबरोबर आलेली सिंधू हसली. सिंधू म्हणजे अठ्ठावीस वर्षांची, सावळी, तरतरीत बाई. त्यांच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. “आय सुईन हाय, बाई,” ती म्हणाली. “आमच्या वाडीतली निम्मी मानसं तिच्या हातावर आल्यात. कलेक्टर हापिसातला एक शिपाईबी.”

आता केराबाईकडे मी नीट पाहिलं. अठ्ठावन्न-साठीची, काटकुळी, श्वासाला किंचित घरघर. तिच्या अंगाच्या मानाने तिचे हात मोठे होते, आणि बोटं लांब. अंग बाहेर यायला लागलं ते बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायला गेल्यापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं ती चिंध्यांचा बोळा आत सारून, वर कासोटा आवळून हिंडत होती. त्याच अवस्थेत उकिडवी बसून दुसऱ्यांची बाळंतपणं करत होती.

“आणि बाळ झाल्यावर वार आत अडकली तर काय करता?” माझा प्रश्न साळसूद होता, पण खरं सांगायचं तर मी तिची परीक्षा घेत होते. सुइणी नाळ धरून ओढतात, बाई जिवाला मुकते, हे आम्हाला कॉलेजात घोकवलेलं.

केराबाईने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ती त्यांच्यावर बसली. “आसं करायचं,” ती म्हणाली. “बसून ऱ्हायचं. आपली आपून येती. न्हाई आली तर गाडी बगायची आन दवाखाना गाठायचा. वडायची न्हाई.”

“कुणी शिकवलं?”

बटव्याकडे बोट करून तिने विचारलं, “ह्यो कापडाचा झाला. खरी काढली तर मला दावाल?”

“काढलेली पिशवी बाटलीत घालून सांगलीला तपासायला पाठवतात.”

“बाटलीत घालायच्या आदी. माझ्या हातात द्यायची. आन फाडून आतनं दावायची.”

“आणि वर बांधून दिली तर? ते ऑपरेशन लहान आहे, मावशी. तुम्हाला दमा आहे, अंगात रक्त कमी आहे. तुमच्यासारखीला तेच बरं.”

“मग दिसायची न्हाई की.”

मला हसू आलं. सत्तावीस वर्षं त्रास सोसलेली बाई, आणि मोठं ऑपरेशन मागते का, तर आपली पिशवी बघायची हौस! तिच्या नावापुढे मी ‘पिशवी काढणे’ लिहिलं आणि ‘का’च्या पुढे ‘त्रासातून कायमची सुटका’ या चौकोनात खूण करून मोकळी झाले. हौसेला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

सरांनी तिची छाती तपासली आणि सरळ नाही म्हणून सांगितलं.

“बाई, तुमच्या छातीला हे झेपायचं नाही. रक्त जातं, वेळ लागतो. रिंग बसवू, नाहीतर टाके घालून वर बांधू. अर्ध्या तासाचं काम आहे.”

केराबाई शांतपणे म्हणाली, “सायेब, ह्या डाक्टरीणबाईंनी मला तासभर इचारलं, मावशी तुमाला काय पायजे, मावशी तुमाला काय पायजे. मी सांगितलं. आता न्हाई म्हंतासा. मग इचारलं कशाला?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बायकांना विचारा, विचारा म्हणून आमचं डोकं खाणारा माणूस आपल्याच शब्दांत अडकला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण हसू आवरत नव्हतं.

“तीन आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील,” ते अखेर म्हणाले. “छातीचं औषध रोज. रक्त दहाच्या वर गेलं तर करीन. नाही गेलं तर मी म्हणेन ते.”

“चालतंय.”

व्हरांड्यात सिंधूने मला गाठलं. मघाची हसरी बाई ती नव्हतीच. तिने माझा कोट धरला.

“बाई, तुमी तिला समजवा. ल्हान आपरेशन करा म्हनावं. माझं ती आयकत न्हाई.”

“तिची इच्छा आहे, सिंधूताई.”

“तिची इच्छा!” सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. “तिला काय झालं तर मला कोन हाय? धनी बाटलीपायी गेला, लेकरू न्हाई. मला ती येकलीच हाय. तिच्या जिवाचं काय झालं तर तुमी परत आनून देनार हाय का?”

मी काहीतरी पुस्तकी बोलले. धोका कमी असतो, भूलतज्ज्ञ चांगले आहेत, असलं. सिंधू ऐकून घेत होती, पण तिच्या हातातला माझ्या कोटाचा कोपरा सुटत नव्हता.

तीन आठवड्यांनी केराबाईचं हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन भरलं. तिने गोळ्या घेतल्याच, वर गूळ-शेंगदाण्याचा रतीब लावला होता. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मंगळवारची वेळ दिली.

मंगळवारी सकाळी सांगलीहून भूलतज्ज्ञ आले. पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचा भाग बधिर झाला. केराबाई पूर्ण जागी होती. तिच्या तोंडापुढे हिरवा पडदा होता आणि पडद्याच्या पलीकडून ती मधूनमधून विचारत होती, “सुटली का?”

“अजून नाही, मावशी.”

पिशवी अशी सहजासहजी सुटत नाही. दोन्ही बाजूंनी तिला जाड दोरांसारखे बंध असतात. एकेक चिमट्यात धरायचा, कापायचा, टाका घालायचा, मग पुढचा. केराबाईचे बंध सत्तावीस वर्षं ताणून सैल झालेले, तरीही सर घामाघूम झाले. निम्म्यात असताना भूलतज्ज्ञ एकदम म्हणाले, “थांबा.” तिचा श्वास अडकला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मॉनिटरवरचा आकडा उतरत होता. सरांनी हात जागच्या जागी थांबवले. ऑक्सिजन वाढवला, इंजेक्शन दिलं. सात-आठ मिनिटं सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर होते. माझ्या डोळ्यांपुढे सिंधूने धरलेला कोटाचा कोपरा येत होता. एका हौसेपायी आपण ही बाई घालवली, असंच मला वाटलं.

मग आकडा वर सरकायला लागला. मास्कच्या आतून आवाज आला, “सुटली का?”

सर हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. “आता सुटेल, बाई. तुम्ही दम धरा.”

काढायला पाऊण तास लागला, आणि बाकीची शिवण उरकायला आणखी अर्धा.

शेजारच्या खोलीत तिला सपाट झोपवलं होतं. डोकं उचलायची परवानगी नव्हती. मी स्टीलच्या ट्रेमध्ये ओल्या कापडाखाली ती पिशवी घेऊन आले, पाठोपाठ सर आले. खरं म्हणजे सरांची यायची गरज नव्हती, पण ते आले.

“सिंधीला आत बोलवा,” केराबाई म्हणाली.

सिंधू आली आणि दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. ट्रे पाहून तिने तोंडाला पदर लावला.

मी केराबाईला हातमोजे देऊ लागले. तिने ते बाजूला सारले. “ह्येच्यातनं काय कळायचं?” मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिचीच होती ती, तिला कोण अडवणार? मी ट्रे तिच्या पोटावर टेकवून धरला आणि कापड काढलं.

तिने आधी मान किंचित वळवून पाहिलं. “येवढीशी?”

“एवढीच असते, मावशी. वयाने आणखी लहान होते.”

“पेरूयेवढी.” तिचा आवाज एकदम खाली आला. “ह्येच्यात माजी पाच मावली.”

मग तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात ट्रेमध्ये घातले.

त्यानंतर जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. आजवर मी शेकडो पिशव्या काढल्यात, पण असे हात पिशवीवर फिरताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. अंगठ्याने तिने खालचं तोंड शोधलं. “ह्ये दार.” मग वरचा गोल भाग तळव्यात घेतला. “ह्यो माथा. बाळ उतरलं की ह्योच पोटावरनं लागतोय हाताला, नारळावानी.” कापलेल्या बंधांची टोकं तिने एकेक करून चिमटीत धरली, ओढून पाहिली, सोडली. आपल्याच शरीरात, आपल्या आयुष्यात पहिल्यांदा ती पाहुणी म्हणून आली होती, आणि बोटांना सगळी वाट पाठ होती. माझं शरीरशास्त्राचं पुस्तक या बाईने डोळे मिटून वाचून दाखवलं होतं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, ज्यासाठी हात आपोआप जोडले जातात.

“फाडा आता,” ती म्हणाली.

सरांनी ती मधोमध उघडली. आत बोटाच्या पेराएवढी चिंचोळी जागा. केराबाईने तिथे करंगळी ठेवली.

“वार कुटं चिकटती?”

सरांनी तिचं बोट धरून त्या जागी टेकवलं.

“आन वार वडली, तर ही तिच्यासंगं तुटून हातात येती का?”

केराबाईने डोळे उघडले नव्हते.

“का विचारता?” सर म्हणाले.

“दुस्काळाच्या आदल्या साली,” ती म्हणाली, “आमच्या शेजारची गोजरा. माजी मैतरीन. पोरगी झाली, वार येईना. तिची सासू वरडाय लागली, वड गं केरे, वड. मी वडली. हातात गोळा आला. कलेजीवानी, येक कड फाटल्याली. मग रगत थांबंना. गाडीत घालून नेताना वाटंत गेली.” तिने श्वास घेतला. “सारी वाडी म्हनली, केरीनं पिशवीच वडून काडली. आमच्यात वार पुरत्यात. म्या त्यो गोळा पुरला. पर वार पुरली का गोजराची पिशवी पुरली, ह्ये मला कवाच कळलं न्हाई. पिशवी कदी बघितलीच न्हवती. मग कशी वळखनार?”

तिने हातातली पिशवी पुन्हा दाबली. हळूहळू, माथ्यापासून दारापर्यंत.

“त्यो गोळा हाताला अजून याद हाय. ही तशी न्हाई. ही गच हाय. त्यो पिचपिचीत हुता.”

माझ्या मनात लगेच आलं की बाळंतिणीची पिशवी मोठी आणि मऊ असते, साठीच्या बाईच्या पिशवीशी तिची तुलना होत नाही. हे आत्ता सांगावं का, ते कळेना. सरांच्याही मनात तेच आलं असणार. पण ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

“गोजराची पिशवी मऊच असणार,” ते म्हणाले. “त्यावरून नाही सांगता येत. मी विचारतो त्याचं उत्तर द्या. तो गोळा सुटून हातात आला? का आत कुठे जोडलेला होता?”

“सुटून आला.”

“नाळ त्यालाच होती?”

“व्हय.”

“मग ती वार. पिशवी ओढली तर उलटी होऊन बाहेर येते, पण तुटून हातात येत नाही. ही काढायला मला पाऊण तास लागला, कात्री लागली, चिमटे लागले. तुम्ही हे बंध हातात धरून पाहिलेत. हातानं तुटतील?”

केराबाईने एका बंधाचं टोक पुन्हा चिमटीत धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. बंध तुटला नाही.

“वारेचा तुकडा आत राहिला असेल,” सर पुढे म्हणाले. “म्हणून रक्त थांबलं नाही.”

“म्या वडली म्हनून ऱ्हायला?”

सर म्हणाले, “असेल. नसेलही. न ओढताही राहतो. तेव्हा दवाखाना जवळ असता तर ती वाचली असती, एवढं नक्की सांगतो. बाकी मला माहीत नाही.”

“बास,” केराबाई म्हणाली. “येवढंच पायजे हुतं. म्या वार पुरली. पिशवी न्हाई पुरली.” तिने डोळे उघडले, आणि कानशिलांवरून पाणी उशीत गेलं. “सायेब, तुमी खोटं बोलला न्हाईसा, म्हनून पटलं.”

सर बाहेर गेले. मी ट्रे उचलत होते तेव्हा भिंतीला टेकलेली सिंधू पुढे आली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“ह्येच्यापायी?” ती म्हणाली. “ह्येच्यापायी जीव टांगलास तू? माजी आय मी जल्मले तवाच गेली. तुज्या ल्येकासंगं, दत्तूसंगं, मला तूच पाजलीस, तूच वाढवलीस. वाडीतल्या बाया काय बोलत्यात ते मी लुगडं नेसायच्या आदीपासनं आयकती. पर मी कदी इचारलं का तुला? येका शब्दानं तरी इचारलं?”

मी ट्रे हातात धरून उभीच राहिले. तीन आठवडे जिला मी तिची मुलगी समजत होते, ती गोजराची होती.

“न्हाई इचारलंस,” केराबाई म्हणाली. तिने आपला हात, तसाच ओला, सिंधूच्या दिशेने उघडून धरला. “अट्ठावीस वरसं न्हाई इचारलंस, सिंधे. म्हनून तर.”

सिंधू खाली बसली. मग उठून तिने कोपऱ्यातल्या बादलीत फडकं भिजवलं, पिळलं, आणि केराबाईची बोटं एकेक करून पुसायला घेतली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, नखांच्या कडा, मधल्या बेचक्या. बोटं तिच्या हातात सैल पडली होती. मी पाय न वाजवता बाहेर आले.

दुपारी मी चौसष्टावा फॉर्म काढला. ‘त्रासातून कायमची सुटका’पुढची माझी खूण खोडली आणि ‘इतर’पुढे पहिल्यांदाच लिहिलं : ‘सिंधूने कधी विचारलं नाही म्हणून.’

सरांकडे सहीला नेला. त्यांनी ते वाचलं. याचा हिशेब कुठल्या गटात धरायचा, असं ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खाली सही केली.